हकीम अजमल खान आणि रईसपणाची कसोटी

एकोणिसाव्या शतकातील दिल्लीत ‘रईस’ हा शब्द केवळ धनवानाला लावला जात नसे. मराठीतील ‘घरंदाज’ या शब्दाप्रमाणे त्यात कुळ, विद्या आणि रीतभात यांचा अंतर्भाव होई; शिवाय रईसाच्या संपत्तीचा काही अंश गरजूंकडे वळला पाहिजे, अशी लोकांची अपेक्षा असे. ही अपेक्षा कोठवर पूर्ण होऊ शकते आणि कोठे अपुरी पडते, हे हकीम अजमल खान यांच्या चरित्रावरून समजते.

त्यांचा जन्म १८६८ साली बल्लीमारान मोहल्ल्यातील शरीफखानी हकिमांच्या घराण्यात झाला. या घराण्याचा पतियाळा दरबाराशी जुना संबंध होता. १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली पुन्हा जिंकली, तेव्हा पतियाळाच्या महाराजांच्या शिपायांनी हकिमांच्या घरांवर पहारा ठेवला. शेजारी राहणाऱ्या गालिबलाही त्याचा आसरा मिळाला. शहर लुटले जात असताना काही घरे वाचली, ती राजाश्रयामुळे. अजमल खान यांना वारशाने मिळालेल्या प्रतिष्ठेचा पाया असा होता.

१८९२ पासून सुमारे दहा वर्षे ते रामपूरच्या नबाबांचे राजवैद्य होते. पुढे दिल्लीबाहेर रोगी पाहण्यास गेल्यास ते दिवसाला १००० रुपये घेत, परंतु दिल्लीत येणाऱ्या रोग्याकडून काहीच घेत नसत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. राजेरजवाड्यांकडून घ्यावे आणि रंकाला फुकट द्यावे, हा व्यवहार त्या काळी कोणाला विसंगत वाटला नाही. उलट तोच रईसपणाचा दाखला मानला गेला.

त्यांचे राजकारणही आरंभी याच वर्गाचे होते. १९०६ साली ढाक्यात मुस्लिम लीगची स्थापना झाली, त्या प्रसंगी ते उपस्थित होते. १९०८ साली सरकारने त्यांना ‘हाजिक-उल-मुल्क’ हा किताब दिला. मात्र सरकारदरबारी मान असूनही देशी वैद्यक तेथे उपेक्षितच होते. १९१२ च्या मुंबई वैद्यक-नोंदणी कायद्यात वैद्य व हकीम यांना स्थान नव्हते. अजमल खान यांनी या दोघांना एका परिषदेत आणले आणि करोल बागेत आयुर्वेद व युनानी यांचे एकत्र शिक्षण देणारे तिब्बिया महाविद्यालय उभारले. आपल्या हिंदुस्तानी दवाखान्याचे उत्पन्न त्यांनी या कार्याला लावून दिले.

या महाविद्यालयाची कोनशिला १९१६ साली व्हाइसरॉय हार्डिंग यांनी बसविली आणि उद्घाटन १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींनी केले. मधल्या पाच वर्षांत मानसन्मानाचे मोलच बदलले होते. १९२० मध्ये अजमल खान यांनी सरकारी किताब परत केला. लोकांनी त्यांना ‘मसीह-उल-मुल्क’ म्हटले. तरीही उद्घाटनाच्या समारंभात हार्डिंग दांपत्याच्या तसबिरींचे अनावरण झाले. किताब नाकारला तरी उपकार विसरायचे नाहीत, ही जुन्या दिल्लीची रीत त्यांनी सोडली नाही. त्याच वर्षी अहमदाबाद येथील काँग्रेस अधिवेशनात, नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात असल्याने, अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

१९२० साली अलिगढ येथे स्थापन झालेल्या जामिया मिल्लियाचे ते पहिले कुलपती होते. खिलाफत चळवळ ओसरली, देणग्या आटल्या, तेव्हा १९२५ साली त्यांनी ही संस्था करोल बागेत आणली आणि तिची तूट स्वतःच्या पैशांतून भरून काढली. ‘शैदा’ या नावाने ते कविताही लिहीत.

डिसेंबर १९२७ मध्ये रामपूर येथेच त्यांचे निधन झाले आणि जामियाचा आधार तुटला. एका माणसाच्या औदार्यावर उभी असलेली संस्था त्या माणसाबरोबर कोसळू शकते, ही रईसपणाची मर्यादा तेव्हा उघड झाली. १९२८ साली जामियाच्या अध्यापकांनी वीस वर्षे, महिना १५० रुपयांहून अधिक वेतन न घेता, सेवा करण्याची प्रतिज्ञा केली. एका श्रीमंताने उचललेला भार आता अनेक अल्पवेतनी माणसांनी वाटून घेतला, आणि संस्था टिकली.