अणूपासून राज्यकारभारापर्यंत : नील्स बोर

फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये नील्स बोर आपल्याला भेटतात ते पाच मार्कांपुरते. मध्ये केंद्रक, भोवती ठराविक कक्षा, एका कक्षेतून दुसरीत इलेक्ट्रॉनची उडी. आकृती काढली की विषय संपला! मला मात्र त्यांचं पुढचं आयुष्य जास्त महत्त्वाचं वाटतं. आजकाल ‘क्वांटम’ हा शब्द मॅनेजमेंटपासून राजकारणापर्यंत कशालाही चिकटवतात. बोर यांनी क्वांटम सिद्धांतातला विचार खरोखरच राज्यकर्त्यांच्या दारात नेला होता, आणि त्याची किंमतही मोजली होती.

त्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ चा, डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचा. वडील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक, आई ज्यू घराण्यातली. धाकटा भाऊ हाराल्ड गणिती, आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचं रौप्यपदक जिंकलेल्या डॅनिश संघातला खेळाडू. नील्स स्वतः गोलकीपर. १९११ मध्ये डॉक्टरेट, मग मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या हाताखाली काम, १९१३ मध्ये अणूचं मॉडेल आणि १९२२ मध्ये नोबेल. १९२१ साली त्यांनी कोपनहेगनला उभारलेल्या संस्थेत जगभरची तरुण पोरं यायची. आपले होमी भाभाही तिथे राहून आले.

१९२७ मध्ये इटलीतल्या कोमो इथे बोर यांनी पूरकतेचं तत्त्व मांडलं. एका प्रयोगात प्रकाश लहरीसारखा वागतो, दुसऱ्यात कणासारखा. दोन्ही रूपं एकाच मांडणीत एकदम दिसत नाहीत, पण एक खरं आणि दुसरं खोटं असंही म्हणता येत नाही. पूर्ण वर्णन हवं तर दोन्ही लागतात. शिवाय काय दिसलं हे सांगताना उपकरण कसं मांडलं होतं तेही सांगावं लागतं.

हे तत्त्व त्यांना प्रयोगशाळेबाहेरही उपयोगी वाटलं. न्याय आणि दया, दोन्ही हव्यात. पण एकीवर पूर्ण जोर दिला की दुसरी निसटते. १९३८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांनी हाच विचार संस्कृतींना लावला, आणि तोही शेजारच्या जर्मनीत वंशश्रेष्ठत्वाचं वेड टिपेला पोचलेलं असताना. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. समाज श्रोडिंगरच्या समीकरणावर चालतो, असा त्यांचा दावा नव्हता. त्यांनी घेतली ती विचार करण्याची पद्धत.

१९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस अटकेची कुणकुण लागताच बोर रातोरात बोटीने स्वीडनला निसटले. तिथे गप्प बसले नाहीत. राजाला भेटून, डॅनिश ज्यूंना आश्रय देणार हे स्वीडनने उघड जाहीर करावं, अशी गळ त्यांनी घातली. पुढे सात हजारांहून जास्त लोक समुद्र ओलांडून वाचले. बोर यांना बॉम्बफेकी विमानाच्या पोटात बसवून इंग्लंडला नेलं. वाटेत ऑक्सिजनअभावी ते बेशुद्ध पडले होते. मग अमेरिकेत टोपणनावाने अणुबॉम्बच्या प्रकल्पात सल्लागार.

तिथे त्यांना बॉम्बची दोन रूपं दिसली. त्याने सगळ्यांचा नाश होऊ शकतो. आणि धोका सगळ्यांना आहे म्हणूनच देशांना एकमेकांवर विश्वास टाकायला भाग पाडता येईल. गुपित ठेवून एका देशाला चार दिवस सुरक्षित वाटेल, पण त्यातूनच शस्त्रांची शर्यत सुरू होईल. म्हणून बॉम्ब तयार होण्याआधीच रशियाशी बोला, हा त्यांचा आग्रह. १६ मे १९४४ ला ते चर्चिल यांना भेटले. भेट पार फसली. ऑगस्टमध्ये रूझवेल्ट यांनी नीट ऐकून घेतलं. पण सप्टेंबरमध्ये दोघा नेत्यांनी गुप्तता कायम ठेवायचं ठरवलं, वर बोर यांच्यावरच नजर ठेवायला सांगितलं! १९४९ मध्ये रशियाने स्वतःचा बॉम्ब फोडला. ९ जून १९५० ला बोर यांनी संयुक्त राष्ट्रसंघाला खुलं पत्र लिहून खुल्या जगाची मागणी केली. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं आणि पत्र मागे पडलं.

१९४७ मध्ये डेन्मार्कने मोठा किताब दिला, तेव्हा मानचिन्हात त्यांनी चिनी यिन-यांगची आकृती घेतली. १९५७ मध्ये शांततेसाठी अणू हा पहिला पुरस्कार त्यांना मिळाला. १९६० मध्ये ते भारतातही येऊन गेले. १८ नोव्हेंबर १९६२ ला कोपनहेगनमध्ये त्यांचं निधन झालं.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे या. नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प आहे. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला गोडं पाणी हवं, ही गोष्ट खरी. बुडीत क्षेत्रातल्या माणसाला घर, शेत, गावचं देऊळ सोडावं लागतं, हीही तितकीच खरी. कालव्याच्या टोकाला उभं राहिलं की एक दिसतं, गावच्या पारावर बसलं की दुसरं. दोन्ही बरोबर म्हणून निर्णयच टाळायचा, असा पूरकतेचा अर्थ मुळीच नाही. बोर यांनी ठाम भूमिका घेतलीच होती. मला वाटतं, अर्थ एवढाच की निर्णय घेणाऱ्याने दोन्ही जागी जाऊन पाहावं, आणि मोजणी कशी केली, मोबदला कसा काढला, हे ग्रामसभेत उघड मांडावं. २००५ चा माहिती अधिकार कायदा हेच सांगतो.

आपल्यातले किती तरी जण उद्या जलसंपदा किंवा बांधकाम विभागात जातील. फाईल आपल्या टेबलावर येईल, तिच्यात एकाच जागेवरून दिसलेलं लिहिलेलं असेल. तेव्हा सही करण्याआधी दुसऱ्या जागी जाऊन यायचं. क्वांटमचं एवढं राजकारण आपल्याला जमलं तरी पुष्कळ झालं.