थांबायचे कधी?

विष घेतलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की अनेकदा नळी घालून त्याचे पोट धुतात. पाणी सोडायचे, काढायचे, बघायचे. गढूळ येत असेल तोवर पुन्हा. किती वेळा, हे आधी सांगता येत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये यालाच ‘व्हाइल लूप’ म्हणतात. अट खरी असेपर्यंत तेच काम करायचे, मात्र प्रत्येक फेरीला अट तपासायची. संगणक येण्याच्या शंभर वर्षे आधी एडा लव्हलेसने अशी फेरी कागदावर मांडली होती.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा, लंडनमधला. ती महिन्याची असताना आईने तिला घेऊन घर सोडले. वडील म्हणजे कवी लॉर्ड बायरन. त्यांची पुन्हा भेट झाली नाही. १८२४ मध्ये ते ग्रीसमध्ये तापाने गेले. डॉक्टरांनी त्यांचे रक्त वारंवार काढले होते. गुण येत नाही, म्हणून आणखी काढा! थांबण्याची अट त्या उपचारात नव्हतीच.

तेराव्या वर्षी एडाला गोवर झाला, त्यानंतर पाय लुळे पडले. बराच काळ अंथरुणात गेला, मग कुबड्या आल्या. आईने लावलेले गणित मात्र सुटले नाही. १८३३ मध्ये चार्ल्स बॅबेजशी ओळख झाली. छिद्रांच्या कार्डांवर चालणारे त्याचे ‘ॲनालिटिकल इंजिन’ कधीच पूर्ण झाले नाही. त्यावरील एका फ्रेंच लेखाचा एडाने १८४३ मध्ये अनुवाद केला. सोबतच्या तिच्या टिपा मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट भरल्या. तेव्हा ती २७ वर्षांची, तीन मुलांची आई होती.

शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याचा २५ पायऱ्यांचा तक्ता आहे. त्यातल्या १३ ते २३ या पायऱ्या पुन्हा पुन्हा करायच्या. दर फेरीला एका रकान्यातून एक वजा होतो. तिथे शून्य आले की यंत्राने वाट बदलायची. यात बॅबेजचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. छापील तक्त्यात एक भागाकार उलटा पडला आहे. आमच्यासारख्यांना तेवढाच दिलासा.

पुढे तिला गर्भाशयाचा कर्करोग झाला. वेदनांवर अफूचा अर्क, याहून फारसे काही डॉक्टरांच्या हाती नव्हते. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी ती गेली, वडिलांप्रमाणेच ३६ व्या वर्षी. तिच्या इच्छेनुसार तिला हकनॉलच्या चर्चमध्ये त्यांच्याशेजारी पुरले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एका प्रोग्रॅमिंग भाषेला ‘एडा’ नाव दिले. त्या भाषेतही अशी फेरी ‘व्हाइल’ या शब्दानेच सुरू होते.