राल्फ बंच : युद्ध थांबवणारा गुलामांचा वंशज

गुलामगिरीत जन्मलेल्या आजीने वाढवलेल्या पोरक्या नातवाने अरब-इस्रायल युद्ध थांबवले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? राल्फ बंच हार्वर्डचे डॉक्टरेट. १९३६ साली ते नॅशनल निग्रो काँग्रेसच्या संस्थापकांत होते. याच संघटनेने १९४६ मध्ये युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी डु बॉईस यांच्याकडे मागितल्या होत्या. (बंच तोवर संघटनेतून बाहेर पडले होते.)

१७ सप्टेंबर १९४८ रोजी युनोचे मध्यस्थ बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली आणि जबाबदारी बंच यांच्यावर आली. ऱ्होड्स बेटावर इजिप्त आणि इस्रायल समोरासमोर बसायलाच तयार नव्हते. बंच यांनी आधी दोघांशी वेगवेगळी बोलणी केली, मग एकत्र बसवले. २४ फेब्रुवारी १९४९ ला करार झाला. युद्धबंदीची रेषा ही राजकीय सीमा नव्हे, हे त्यात स्पष्ट लिहिले. म्हणूनच दोघांना सही करता आली. पाठोपाठ लेबनॉन, जॉर्डन, सीरियाचे करार झाले. तोफा थांबल्या, उखडलेल्या पॅलेस्टिनींना न्याय मात्र मिळाला नाही.

१९५० चे शांततेचे नोबेल मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. तरी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका टेनिस क्लबने त्यांच्या मुलाला सदस्यत्व नाकारले! १९६५ मध्ये आजारी बंच किंग यांच्यासोबत सेल्मातून निघालेल्या मोर्चात चालले. १९७१ मध्ये ते वारले.