जीपमधून सातासमुद्रापार

दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीने अमेरिकी लष्करासाठी पाण्यातही चालणारी जीप तयार केली. नद्या आणि खाड्या ओलांडणे, एवढेच तिचे काम. परंतु याच जीपमधून बेन कार्लिन या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

कार्लिन यांचा जन्म १९१२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्दम येथे झाला. युद्धकाळात ते भारतीय सैन्याच्या अभियांत्रिकी दलात होते. १९४६ मध्ये बंगालमधील कलाईकुंडा विमानतळावर त्यांनी ही जीप प्रथम पाहिली आणि तिच्यातून जगाला फेरी मारण्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. सोबतच्या मित्राने ती हसण्यावारी नेली. कार्लिन यांनी मात्र अमेरिकेत जाऊन लिलावात तशीच एक जुनी जीप विकत घेतली. तिच्यावर केबिन चढवली, इंधनाच्या जादा टाक्या बसवल्या. एका दुर्गंधीनाशकाच्या जाहिरातीवरून तिचे नाव ठेवले, 'हाफ-सेफ'. अर्थात, अर्धीच सुरक्षित!

१९४८ मध्ये अमेरिकन पत्नी एलिनोर हिच्यासह त्यांनी अटलांटिककडे मोहरा वळवला. पण कधी इंजिनाच्या विषारी वायूने दोघांचा जीव धोक्यात आला, तर कधी यंत्रणाच निकामी झाली. एकदा तर भर समुद्रात अनेक दिवस भरकटल्यावर एका तेलवाहू जहाजाने त्यांना उचलून आणले. अखेर १९ जुलै १९५० रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरातून निघालेली जीप महिनाभराने अझोर्स बेटांना लागली.

त्या केबिनमध्ये ऐसपैस हालचालीलाही वाव नव्हता. एकाने सुकाणू सांभाळायचे, तेव्हा दुसऱ्याने अंग टेकायचे. पेट्रोलचा दर्प, इंजिनाची घरघर आणि अखंड हेलकावे यांपासून सुटका नव्हती. एलिनोरला तर बोट लागण्याचा त्रास सतत होई. त्यातच मदिराच्या वाटेवर चक्रीवादळाने गाठले. तरीही १९५१ मध्ये जीप आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चढली.

पुढे युरोप आणि पश्चिम आशिया पार करून दोघे १९५५ मध्ये भारतात आले. मात्र कोलकात्याचा टप्पा गाठल्यानंतर एलिनोर मोहिमेतून बाहेर पडली आणि संसारही मोडला. कार्लिन थांबले नाहीत. जपानपर्यंत आणि तेथून अलास्कापर्यंत त्यांना वेगवेगळे सोबती मिळाले. उत्तर अमेरिका पार करून १३ मे १९५८ रोजी ते माँट्रियलला पोहोचले.

सुमारे १८ हजार किलोमीटर समुद्र आणि ६२ हजार किलोमीटर जमीन त्यांनी पालथी घातली होती. उभयचर वाहनातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते एकमेव ठरले. पण त्या विक्रमासाठी आयुष्यातील उमेदीची दहा वर्षे आणि सहधर्मचारिणीची साथ त्यांना गमवावी लागली. कीर्तीही फार काळ टिकली नाही. १९८१ मध्ये पर्थ येथे त्यांचे निधन झाले. ज्या शाळेत ते शिकले, त्या गिल्डफर्ड ग्रामर स्कूलमध्ये ही जीप जतन करण्यात आली. जीप अर्धीच सुरक्षित असली, तरी तिच्या मालकाचा निर्धार अर्धवट नव्हता.