जातेगावचे ८५ टक्के आणि तुमचा गुगल फॉर्म

प्रोजेक्ट म्हटलं की आपलं सगळं ठरलेलं असतं. गुगल फॉर्म बनवायचा, लिंक क्लासच्या ग्रुपवर टाकायची, शंभरेक जणांच्या मागे लागून तो भरून घ्यायचा, एक्सेलमध्ये सरासरी काढायची, दोन-चार रंगीत पाय चार्ट चिकटवायचे आणि मोकळं व्हायचं. सबमिशन होतं, मार्कही पडतात. पण व्हायवाला सरांनी विचारलं, की या सरासरीचा अर्थ काय, तर बोलती बंद!

तुम्ही शिरूर किंवा दौंडच्या कॉलेजात असाल, तर या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. शंभर वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातल्याच एका गावात घरोघरी जाऊन आकडे गोळा झाले आणि त्यांचा असा काही हिशोब मांडला गेला, की शेतीच्या अर्थशास्त्राचे अभ्यासक आजही त्याचं नाव घेतात. गाव होतं जातेगाव बुद्रुक. हिशोब मांडणाऱ्यांचं नाव डॉ. हॅरॉल्ड मॅन.

केमिस्ट्रीवाला माणूस

मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. जन्म १८७२ चा, इंग्लंडमधला. शालेय शिक्षण यॉर्क शहरात झालं. १९०० साली ते भारतात आले ते चहासाठी. चहामळेवाल्यांच्या संघटनेने त्यांना शास्त्रज्ञ म्हणून नेमलं होतं. चहाच्या झाडावर कोणती कीड पडते, कोणता रोग येतो, मातीत काय कमी आहे, हे पाहणं हे त्यांचं काम. आता असा माणूस लोकांच्या घरखर्चाच्या आकड्यांकडे कसा वळला?

त्याचा धागा यॉर्कमध्येच सापडतो. त्या शहरात सीबोम राउंट्री यांनी १८९९ साली ११,५६० कामगार कुटुंबांची पाहणी केली. त्यांनी शहराचं सरासरी उत्पन्न काढून काम संपवलं नाही. आधी त्यांनी ठरवलं, की एका कुटुंबाला नुसतं धडधाकट राहायचं तरी किमान किती पैसे लागतात. अन्न, भाडं, कपडे, सरपण, एवढंच. मग त्या रेषेच्या खाली किती माणसं आहेत ती मोजली. शहराच्या एकूण लोकसंख्येपैकी जवळपास १० टक्के लोकांचं उत्पन्नच त्या रेषेपर्यंत पोचत नव्हतं. इंग्लंड तेव्हा जगातला श्रीमंत देश, त्यामुळे हा आकडा अनेकांना झोंबला.

मॅन यांनी हीच पद्धत शहरातून खेड्यात नेली. बेडफर्डशायर परगण्यातल्या रिजमंट नावाच्या खेड्याचा त्यांनी असाच अभ्यास केला. तो विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत छापूनही आला. म्हणजे पुण्यात पाऊल ठेवलं तेव्हा त्यांच्याकडे मातीची परीक्षा करण्याची विद्या होती आणि घरांची परीक्षा करण्याचीही.

आधी पिंपळे सौदागर

१९०७ साली मॅन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शेतीत सुधारणा करायची तर आधी शेतकऱ्याची अवस्था नेमकी काय आहे ते कळायला हवं, हा त्यांचा खाक्या. त्यांनी पुण्याजवळचं एक गाव निवडलं, पिंपळे सौदागर. हो, तेच! आज जिथे टॉवर, मॉल आणि आयटीवाल्यांची गर्दी आहे, ते तेव्हा शेतीवर जगणारं छोटंसं खेडं होतं.

हे काम एकट्याचं नव्हतं. डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे अशा सहकाऱ्यांची नावं त्या अभ्यासाशी जोडलेली आहेत. माती, विहिरी, पिकं, जमिनीचे तुकडे, कर्ज, घरखर्च असं सगळं नोंदवलं गेलं. १९१७ साली हा अभ्यास पुस्तकरूपाने आला.

त्यातला एक आकडा आधी बघा. गावातल्या एका खातेदाराकडे सरासरी किती जमीन होती? १७७१ साली ४० एकर. १८१८ साली साडेसतरा. १८२० ते १८४० च्या काळात १४. आणि १९१५ च्या सुमारास फक्त ७ एकर. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होत गेल्या आणि सरासरी सहाव्या हिश्श्याच्या जवळ आली. इथे सरासरी कामाची आहे, कारण एकाच गावातला काळानुसार झालेला बदल ती एका नजरेत दाखवते.

पण मॅन तिथे थांबले नाहीत. ७ एकर म्हणजे सलग ७ एकर का? अजिबात नाही. गावात १५६ खातेदार होते आणि जमिनीचे तुकडे होते ७२९. म्हणजे माणशी साधारण पावणेपाच तुकडे, तेही इकडे एक, तिकडे एक. त्या ७२९ पैकी ४६३ तुकडे एक एकरापेक्षा लहान. त्यातही ११२ तर पाव एकराच्या आत.

आता जरा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून विचार करा. सगळे ७२९ तुकडे लहान ते मोठे असे ओळीने मांडले, तर बरोबर मधला तुकडा ३६५ वा. पहिले ४६३ एकराच्या आतले आहेत, म्हणजे हा मधलाही एकराच्या आतलाच. यालाच आपण मध्यक म्हणतो, म्हणजे आपला मीडियन. सगळा डेटा हातात नसतानाही तो कुठे असणार हे आपल्याला कळलं. ७ एकरांची सरासरी ऐकून डोळ्यासमोर एक चित्र येतं. त्यानंतर एकराच्या आतला हा मध्यक पाहिला, की ते चित्र पार बदलतं. बैल जोडायचे, नांगर फिरवायचा, विहीर खणायची, ते सगळं एवढ्याशा तुकड्यावर.

त्यानंतर मॅन मुख्य प्रश्नाकडे वळले. या शेतीवर घर चालतं का? त्यांनी प्रत्येक कुटुंबाची गरज आणि प्रत्येक कुटुंबाची कमाई समोरासमोर ठेवली आणि १०३ कुटुंबांचे तीन गट पाडले. नुसत्या जमिनीवर ज्यांचं भागतं अशी कुटुंबं फक्त ८. शेतीला बाहेरच्या मजुरीची जोड देऊन ज्यांचं भागतं अशी २८. आणि काहीही केलं तरी ज्यांचं भागत नाही अशी ६७. म्हणजे शंभरातली ६५ घरं तोट्यात.

मग शिरूर तालुका

यावर कोणीही म्हणू शकलं असतं, की एका गावावरून काय सिद्ध होतं? शिवाय पिंपळे सौदागर पुण्याला चिकटून. शहरात मजुरी मिळते, माल विकता येतो. लांबच्या, कोरडवाहू गावात काय होत असेल? म्हणून दुसरं गाव निवडलं गेलं जातेगाव बुद्रुक. शिक्रापूरच्या परिसरातलं, पावसावर अवलंबून असलेलं. या वेळी पुस्तकावर मॅन यांच्या सोबत कानिटकरांचं नाव होतं. हेच कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीचे जाणकार म्हणून ओळखले गेले.

जातेगावचा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध झाला. पद्धत तीच, निकाल आणखी वाईट. शंभरातल्या ८५ कुटुंबांचं उत्पन्न त्यांच्या गरजेला पुरत नव्हतं.

ही तुमच्याच तालुक्यातली घरं आहेत. कदाचित तुमच्या पणजोबांच्या पिढीतली. गावात एखाददुसरं बरं घर असणारच, आणि त्या घराचं उत्पन्न सगळ्यांच्या उत्पन्नात मिसळून सरासरी काढली असती, तर गाव आहे त्यापेक्षा जरा सुखी दिसलं असतं. मॅन आणि कानिटकरांनी ती मिसळ केली नाही. घरं मोजली. म्हणून ती ८५ घरं आज आपल्याला दिसतात.

त्यांनी दोन्ही गावांची मिळूनही एकच सरासरी काढली नाही, हे लक्षात घ्या. शहराजवळचं गाव वेगळं, कोरडवाहू गाव वेगळं. हे तुम्हाला आजही पटेल. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा दौंड तालुक्यात पाणी नेतो. त्याच तालुक्यात जिरायती पट्टेही आहेत. उसाचं शिवार आणि बाजरीचं शिवार एकत्र करून तालुक्याचं सरासरी शेती-उत्पन्न काढलं, तर तो आकडा ना उसवाल्याचा असेल ना बाजरीवाल्याचा.

अर्थात मॅन यांच्या पद्धतीलाही मर्यादा होत्या. गरजेची रेषा अभ्यासकाने आखलेली असते. ती थोडी वर-खाली केली की टक्केवारी बदलते. आणि दोन गावं म्हणजे सगळा महाराष्ट्र नव्हे. पण रेषा कुठे आखली ते त्यांनी उघड मांडलं. त्यामुळे ज्याला पटत नाही त्याला वाद घालायला जागा राहिली.

पाऊस, दुष्काळ आणि शेवटची वर्षं

मॅन पुढे मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झाले. पुणे शहरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या राहणीमानाचा अभ्यासही त्यांनी केला होता. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या पुण्यातल्या कामाशीही ते जोडलेले होते. म्हणजे आकडे गोळा करून पुस्तक छापलं आणि विषय संपला, असा हा माणूस नव्हता.

१९२० च्या दशकाच्या अखेरीला ते भारतातून परतले आणि इंग्लंडमधल्या वोबर्नच्या प्रयोग केंद्रावर अनेक वर्षं काम करत राहिले. पण दख्खन काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. १८६५ ते १९३८ या ७४ वर्षांतला दख्खनचा पाऊस आणि दुष्काळ यांचा त्यांचा अभ्यास १९५५ साली पुस्तकरूपाने आला. तेव्हा ते ८२-८३ वर्षांचे होते! आपल्याकडच्या पावसाबद्दल सरासरीची भाषा किती अपुरी आहे, हे शिरूर-दौंडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. एका वर्षी धो धो, पुढच्या वर्षी टँकर. दोन्हींची सरासरी कागदावर छान दिसते, पण पीक सरासरीवर उगवत नाही. १९६१ साली मॅन यांचं निधन झालं.

आता तुमची एक्सेल शीट उघडा

समजा तुम्ही फॉर्ममध्ये विचारलंय, कॉलेजला यायला किती वेळ लागतो. दहा जणांनी उत्तरं दिली. सात जण गावातलेच, १५ मिनिटांत येणारे. तिघं आडगावचे, एसटी बदलत ९५ मिनिटांनी पोचणारे. सरासरी येते ३९ मिनिटं. पण ३९ मिनिटं लागणारा त्या दहांत एकही नाही! प्रमाण विचलन काढलं तर ते ३७ च्या आसपास येतं, म्हणजे जवळपास सरासरीएवढंच. असं दिसलं की समजायचं, आकडे खूप विखुरलेत आणि एकट्या सरासरीवर विसंबून चालणार नाही.

मग मध्यक घ्यायचा का? तो येतो १५. सर्वांत जास्त वेळा आलेली किंमत, म्हणजे बहुलक, तोही १५. हे आकडे चूक नाहीत, पण त्यात ती तीन मुलं गायबच झाली. म्हणूनच फक्त एक सूत्र बदलून भागत नाही. विस्तार द्या, १५ ते ९५. दोन गट दिसत असतील तर दोन ओळींत वेगळे मांडा. आणि मग मॅन यांचा प्रश्न विचारा, पुरतं का? एका बाजूला तासापेक्षा जास्त प्रवास केला तर सकाळचं पहिलं लेक्चर बुडतं, अशी रेषा ठरवा. ती का ठरवली ते लिहा. मग रेषेपलीकडे किती जण आहेत ते मोजा. दहापैकी तीन. हे वाक्य प्राचार्यांच्या किंवा एसटीच्या डेपोत अर्ज घेऊन जाताना उपयोगी पडतं. ३९ मिनिटांची सरासरी तिथे काही कामाची नाही.

आणखी एक. टक्के लिहिताना ते कितीपैकी आहेत ते जरूर लिहा. दहापैकी तीन म्हणजे ३० टक्के आणि हजारांपैकी तीनशे म्हणजेही ३० टक्के, पण दोन्हींचं वजन सारखं नाही. फॉर्म कोणी भरलाच नाही, तेही बघा. ज्याच्याकडे नेटपॅक नाही किंवा जो कॉलेज सुटताच शेवटची गाडी पकडायला पळतो, तो तुमच्या लिंकवर क्लिक करणारच नाही. आणि नेमका तोच रेषेपलीकडचा असू शकतो. जातेगावचा अभ्यास घरोघरचा होता. तुमच्याकडे लिंक आहे, पण एखाद्या दुपारी वही-पेन घेऊन एसटी स्टँडवर किंवा दौंडच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायला कोणी अडवलेलं नाही.