सुरतेतील कायक : डॉ. रखमाबाई



कायक म्हणजे केवळ पोटासाठी केलेले काम नव्हे, हे आपण जाणताच. आज ज्यांचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहोत त्या डॉ. रखमाबाई आपल्या परंपरेतील नव्हेत. तरीही बालविवाहाच्या रूढीशी त्यांनी दिलेली झुंज आणि त्यानंतरची त्यांची दीर्घ सेवा यांचे वर्णन करू लागलो की हाच शब्द ओठांवर येतो.

आपल्यापैकी जे सुरतेस कतारगाम भागात राहतात त्यांना तो भाग हिऱ्यांच्या कारखान्यांचा म्हणून ठाऊक आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र कतारगाम हे शहराच्या तटाबाहेरचे खेडे होते. शहरात शिरण्याची वेस ती कतारगाम दरवाजा, आणि गावाची ख्याती तेथील पापडीची. अशा खेड्यातली किंवा शहराच्या पोळातली एखादी तेरा-चौदा वर्षांची पोर बाळंतपणात अडली तर काय होत असेल, याचा विचार करा. पुरुष डॉक्टरास हात लावू द्यायचा नाही आणि स्त्री डॉक्टर तर नाहीच. अशा सुरतेत 1895 साली एक मराठी बाई बायकांच्या दवाखान्याची प्रमुख डॉक्टर म्हणून आली.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत 22 नोव्हेंबर 1864 रोजी सुतार समाजात झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकरच वारले आणि आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. सुतारांत पुनर्विवाहाची चाल होती. म्हणून जयंतीबाईंना डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा संसार मांडता आला. वरच्या म्हणविणाऱ्या जातींत तो मांडता आला नसता, हे लक्षात घ्यावे! पण त्याच समाजात लहान मुलींची लग्नेही सर्रास होत. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी, सावत्र वडिलांच्या नात्यातील दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले. त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरीच राहून शिकत राहिल्या. दादाजींचे शिक्षण सुटले, प्रकृती ढासळली, आणि मुलगी मोठी होत गेली तसतसा तिचा नकार पक्का होत गेला.

1884 साली दादाजींनी बायको नांदावयास यावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. सप्टेंबर 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अजाणपणी लागलेल्या लग्नावरून जाणत्या स्त्रीला अशा पुरुषाच्या घरी बळाने पाठविता येत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. अपिलात तो फिरला. 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. याच्या सहा दिवस आधी, 26 फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. त्यांना चौदाव्या वर्षी मूल झाले होते आणि ते थोड्याच दिवसांत गेले होते. या दोन घटना आपण एकमेकींशेजारी ठेवून पहाव्यात.

महाराष्ट्रात त्या काळी मोठा गदारोळ उठला. लोकमान्य टिळकांचे पत्र रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूस होते. सुरतेत वाढलेले पारशी गृहस्थ बेहरामजी मलबारी यांनी 1884 पासूनच बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्याविरुद्ध लेखणी उचलली होती. स्वतः रखमाबाईंनीही 1885 साली टाइम्स ऑफ इंडियात, एक हिंदू स्त्री या टोपणनावाने, बालविवाहावर पत्रे लिहिली. शेवटी 1888 साली दोन हजार रुपये देऊन दादाजींशी तडजोड झाली. सुटका झाली ती पैशाने, न्यायाने नव्हे. याचा विसर आपल्याला पडू नये.

कायदाही पुढे सरकला, पण किती? कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजोरीने दगावली. त्यानंतर 1891 साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा झाली. दोनच वर्षे! आणि तेवढ्यासाठीही धर्म बुडाल्याची ओरड झाली.

रखमाबाई 1889 साली विलायतेस गेल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांच्या पाठीशी बळ उभे केले होते. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेच्या माळवी दवाखान्यात रुजू झाल्या.

येथे त्यांच्यापुढे कोर्ट नव्हते, विरोधी वर्तमानपत्रही नव्हते. होती ती बायकांची भीती. दवाखान्यात गेलेली बाळंतीण जिवंत परत येत नाही अशी समजूत. व्याख्यान देऊन ही समजूत जाणारी नव्हती. एक आठवण सांगितली जाते, की त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणविली, तिला सुखरूप सोडविले आणि बायकांना ते पाहू दिले. शेळी जगते तर आपणही जगू, हे बायकांनी स्वतःच ताडले. मग त्या येऊ लागल्या. कोवळ्या वयातल्या बाळंतपणाने देहाचे काय होते हे ज्या डॉक्टरला रोज दिसते, तिने सासूला मुलीच्या उशाशी बसवून सांगितलेले चार शब्द शंभर सभांपेक्षा खोल जातात, असे आम्हांस वाटते. प्लेगच्या काळात दवाखाना ओसाड पडण्याचा प्रसंग होता, तेव्हाही त्या सुरत सोडून गेल्या नाहीत. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ही सेवा केली.

1904 साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेष घेतला असे चरित्रकार नोंदवितात. वाचकहो, ज्या नात्याला कोर्टात नाकारले त्याचे हे चिन्ह का स्वीकारले, असा प्रश्न आपल्या मनात येईल. आमच्या मते रूढी ही कोर्टात हरते तेवढी मनात हरत नाही, आणि ज्या बायकांमध्ये राहून काम करावयाचे त्यांच्या डोळ्यांत भरवशाचे राहणेही त्यांना हवे असेल. आपणही यावर मनन करावे.

पुढे राजकोटच्या स्त्रियांच्या दवाखान्यात काम करून त्या निवृत्त झाल्या. 1929 साली, वयाच्या पासष्टीत, त्यांनी पडदा पद्धती बंद करण्याची गरज मांडणारा लेख लिहिला. त्याच वर्षी शारदा कायदा मंजूर झाला आणि 1 एप्रिल 1930 पासून मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरले. रखमाबाईंच्या लग्नाला तेव्हा अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. आज ते वय अठरा आहे. 25 सप्टेंबर 1955 रोजी, नव्वद वर्षे पुरी करून, त्या निवर्तल्या. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.