तोफांच्या कानात मेण भरा : शिवरायांपासून पाच राजवटी पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांची गोष्ट

मे महिना संपत आला की हिंदमाताच्या कापड बाजारात एक ठरलेली लगबग सुरू होते. खालच्या फळीवरचे साड्यांचे गठ्ठे वर चढतात. दुकानाच्या उंबऱ्याशी विटा-फळ्यांचा बांध येतो. परळ-दादरच्या मधला हा खोलगट भाग पहिल्याच मोठ्या पावसात भरतो, हे इथल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. महापालिकेने अलीकडे प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, तरी दुकानदाराची सवय काही मोडलेली नाही. पाऊस येण्याआधी माल सांभाळायचा.

तीनशे वर्षांपूर्वी सह्याद्रीत एका माणसाला हीच काळजी होती. फक्त त्याचा माल साड्यांचा नव्हता, तोफांचा होता. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यायचं, हे त्याने थेट राजाच्या आज्ञेत लिहून ठेवलं. हा माणूस म्हणजे रामचंद्रपंत अमात्य.

विशीतला अमात्य

रामचंद्रपंतांचा जन्म १६५० च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार, म्हणजे राज्याचा जमाखर्च पाहणारे. चुलते आबाजी सोनदेव हे कल्याणच्या मोहिमेत गाजलेलं नाव. १६७२ मध्ये वडील वारले आणि कामाचा भार मुलांवर आला. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांमध्ये अमात्य म्हणून रामचंद्रपंत उभे होते. वय साधारण चोवीस.

अमात्याचं काम हिशेबाचं. कुठल्या गडावर धान्य किती, दारूगोळा किती, कशाची डागडुजी बाकी आहे, हे सगळं त्याच्या वहीतून जायचं. गड लढवणारा सरदार सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्या गडावरची तोफ ऐन वेळी चालेल का, याची चिंता मात्र वही सांभाळणाऱ्याला असते.

राजा जिंजीत, राज्य पंतांच्या हाती

१६८९ हे वर्ष स्वराज्यासाठी सर्वांत वाईट ठरलं. फेब्रुवारीत संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले, मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांची हत्या केली. त्याच वर्षी रायगडही पडला. राजाराम महाराजांना जीव वाचवून आजच्या तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत जावं लागलं.

जाताना त्यांनी महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंतांकडे दिला. हुकमतपन्हा असा किताब दिला आणि राजाला न विचारता निर्णय घेण्याचे अधिकारही दिले. दुसरा उपायच नव्हता. जिंजीहून पत्राचं उत्तर यायचं तोवर इकडे एखादा किल्ला जाऊन परत आलेला असायचा.

पुढची जवळजवळ नऊ वर्षं पंतांनी विशाळगडाच्या आसऱ्याने राज्य चालवलं. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मैदानात लढत होते, शंकराजी नारायण सचिव मावळात गड सोडवत होते आणि या सगळ्यांना पैसा, माणसं, दारूगोळा पुरवायचं काम पंतांकडे होतं. खजिना रिकामा, समोर मुघल बादशहा स्वतः दख्खनेत ठाण मांडून बसलेला. १६९८ मध्ये जिंजी पडली. राजाराम महाराज त्याआधीच तिथून निसटले होते आणि ते महाराष्ट्रात परतले. त्यांना परत यायला राज्य शिल्लक होतं, यात पंतांचा वाटा मोठा आहे.

पावसाने कुणाला सोडलं नाही

१७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि महाराणी ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली. औरंगजेब एकेक गड घेत सुटला. १७०२ च्या जूनमध्ये विशाळगडही त्याच्या हाती गेला. पण गड घेऊन परतताना त्याचं सैन्य पावसात सापडलं. ओढे फुगले, चिखलात जनावरं मेली, सामान वाहून गेलं. पन्हाळ्यापर्यंतचं जेमतेम पन्नास किलोमीटरचं अंतर कापायला महिन्याहून जास्त वेळ लागला.

सह्याद्रीचा पाऊस मराठ्यांचा मित्र होता असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. मुघलांची वाट अडवणारा हाच पाऊस गडावरच्या लोखंडालाही गंज लावत होता. दसऱ्यानंतर वाटा सुकल्या की शत्रू पुन्हा निघणार. चार महिने भिजलेली तोफ तेव्हा कामी आली नाही, तर तट कितीही उंच असून उपयोग नाही.

आज्ञापत्रातलं तेल आणि मेण

१७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले आणि राज्याच्या दोन गाद्या झाल्या. पंत कोल्हापूरच्या बाजूला राहिले. तिथे १७१४ मध्ये सत्तापालट होऊन राजारामपुत्र दुसरे संभाजी गादीवर आले. १७१५ मध्ये त्यांच्या नावाने निघालेलं आज्ञापत्र हे रामचंद्रपंतांचं लेखन मानलं जातं. राजनीतीवरचा हा मराठीतला फार महत्त्वाचा ग्रंथ.

त्यात राजाने कसं वागावं, वतनदारांना कसं आवरावं, समुद्रावरून आलेल्या टोपीकर व्यापाऱ्यांपासून कसं सावध राहावं, हे सगळं आहे. पण गडांच्या प्रकरणात पंत एकदम कोठीवाल्यासारखे बोलू लागतात. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू आणि बाण बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहरबंद करावेत. पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावं, तोफांच्या कानात मेण भरावं आणि वर आडोसा करून त्या भिजणार नाहीत असं पाहावं.

तोफेचा कान म्हणजे मागच्या बाजूचं बारीक भोक, जिथून बत्ती दिली जाते. पाणी तिथून आत शिरलं की नळीच्या आतून गंज धरतो. तो बाहेरून दिसत नाही. आतून खाल्लेली तोफ बार काढताना फुटली तर मरतो तो स्वतःचाच गोलंदाज.

तेल आणि मेण दोन्ही का? लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा लागते. तेल बारीक फटींत शिरतं आणि पातळ थर धरतं, पण ते ओघळतं आणि सततच्या पावसात धुऊन जातं. मेण जागचं हलत नाही. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे सावलीतल्या तोफेच्या कानातलं बूच उन्हाळ्यातही टिकतं. दरवाजांचं कारण वेगळं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, खिळे-कड्या गंजतात आणि मग दरवाजा ऐन वेळी ना नीट उघडतो ना मिटतो.

आजही तत्त्व तेच आहे, माल बदलला. वनस्पती तेलं कालांतराने चिकट होतात, म्हणून बंदुकांना आता खनिज तेल लावतात. मधमाशीच्या मेणात थोडी आम्लं असतात, म्हणून संग्रहालयं जुन्या शस्त्रांवर पेट्रोलियमपासून काढलेलं सूक्ष्म स्फटिकांचं मेण पसंत करतात.

पन्हाळ्यावरची समाधी

आज्ञापत्रानंतर थोड्याच काळात, १७१६ मध्ये, पंत वारले. त्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे. त्यांच्या घराण्याची जहागीर गगनबावड्याची, राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या गावांपैकी एक.

शिवाजी, संभाजी, राजाराम, ताराबाई आणि दुसरे संभाजी अशा पाच राजवटी त्यांनी पाहिल्या. गड जाताना पाहिले, परत येतानाही पाहिले. एवढं पाहिलेल्या माणसाला शेवटच्या वर्षात पुढच्या राजांना जे सांगावंसं वाटलं, त्यात मोठ्या राजनीतीच्या शेजारी तोफेच्या कानातलं मेणही होतं.

आज आपण गडांवर जातो तेव्हा कित्येक तोफा उघड्यावर, मातीत अर्ध्या रुतलेल्या दिसतात. अलीकडे दुर्गप्रेमी मंडळी काही ठिकाणी त्यांना लाकडी गाडे बसवतात, ते चांगलंच आहे. त्याबरोबर दर मे महिन्यात तेल-मेणाचा हात फिरवायलाही कुणीतरी हवं. हुकूम तर तीनशे वर्षांपूर्वीच निघालेला आहे.